आईला परदेशी बोलावणे आले, तेव्हा

पूर्वी आपल्या कामण गावचा माणूस लांब गेला, म्हणजे फार तर मुंबईला गेला. गिरणीत लागला, गोदीत लागला, आणि दिवाळीला घरी आला. आता तसे राहिले नाही. कोणाचा मुलगा दुबईला आहे. कोणाची मुलगी कॅनडात आहे. मुले तिकडे स्थिर झाली, की आईबापांना बोलावतात. त्या बोलावण्याचा आनंद होतोच. पण जायचे म्हटले, की कागद लागतात. कागद कोणते, ते कोठे मिळतात, आणि पैसे किती पडतात, हे ठाऊक नसले तर माणूस फसतो.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई माझ्या ओटीवर आल्या. हातात कापडी पिशवी होती.

"गुरुजी, पोरानं अमेरिकेला बोलावलंय. हे कागद जरा बघा. एजंट दोन लाख मागतोय."

मी पिशवी उघडली. आत आधार कार्ड होते, रेशन कार्ड होते, मतदान कार्ड होते. सातबारा होता. विजेचे बिल होते. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखलाही होता. मी सगळे कागद सतरंजीवर मांडले आणि विचारले, "बाई, तुम्ही या मुलाची आई आहात, हे यातल्या कोणत्या कागदावर लिहिलंय?"

बाई हसल्या. "मी नाही तर कोण आई त्याची? सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

खरे आहे. गावाला ठाऊक आहे. पण मुंबईच्या वकिलातीत खिडकीपलीकडे बसलेल्या साहेबाला ते ठाऊक नाही. त्याला गावात येऊन विचारता येत नाही. तो फक्त कागद वाचतो. आणि त्या पिशवीतल्या एकाही कागदावर माय-लेकाचे नाते लिहिलेले नव्हते.

शाळेच्या दाखल्यावर तरी आईचे नाव असायला हवे होते ना? नव्हते. तो दाखला कोणाच्या हातचा होता, ठाऊक आहे? माझ्याच. मी तेव्हा नवा मास्तर होतो. मुलगा शाळेत आला, की त्याचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव लिहायचे. आईचे नाव विचारायची रीत नव्हती. मीही कधी विचारले नाही. आता सरकारने नियम बदलला आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाचे नाव लिहिताना आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. चांगले झाले. पण आधीच्या मुलांच्या आयांचे काय?

तर पहिली गोष्ट ही. आई मुलाकडे जाणार असेल, तर सगळ्यांत मोठा कागद मुलाच्या जन्माचा दाखला. त्यावर आईचे नाव हवे. हा दाखला जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत मिळतो. गावात ती ग्रामपंचायत असते, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका. आपल्याकडे २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. म्हणून जुनी नोंद कोणत्या दप्तरात आहे, हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर दोन्हीकडे हेलपाटे होतात.

या बाईंचा मुलगा घरी जन्मला. सुईणीने सोडवले. नोंद कोणी केली नाही. असे असेल तर घाबरू नये. कचेरीत अर्ज करावा. ते जुनी पुस्तके शोधतात आणि नोंद नसेल तर 'नोंद सापडत नाही' असा दाखला देतात. तोही कामाचा कागद आहे! त्याला जन्माची माहिती असणाऱ्या वडील माणसांची प्रतिज्ञापत्रे आणि शाळेचा दाखला जोडता येतो. उशिरा नोंद करून घेण्याचीही सोय आहे. जन्माला एक वर्ष उलटून गेले असेल, तर त्यासाठी दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. तहसील कचेरीत त्याची चौकशी करावी.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे मुलीचे माहेरचे नाव एक आणि लग्नात ठेवलेले नाव दुसरे. या बाईंच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आहे, आधारवर सासरचे. त्यात मराठी नाव इंग्रजीत लिहिले, की आणखी घोळ. लक्ष्मी हे नाव कोणी 'एक्स' घालून लिहितो, कोणी 'के-एस-एच' घालून. आपल्याला दोन्ही एकच. साहेबाला त्या दोन बाया वाटतात. म्हणून लग्नाची नोंद करून तिचा दाखला घ्यावा. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र करावे. पासपोर्ट काढण्याच्या आधी हे उरकावे. पासपोर्टवर जे नाव छापले, ते पुढे सगळीकडे चालते.

तिसरी गोष्ट जन्मतारखेची. इथेही मास्तर लोकांचा हात आहे. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप मुलाला घेऊन यायचा. जन्मतारीख विचारली, की म्हणायचा, "मोठ्या पावसाच्या साली झाला." मग मास्तर अंदाजाने वर्ष धरायचा आणि पुढे १ जून टाकायचा. म्हणून महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसे इतकी! मीही अशा तारखा टाकल्या आहेत. एका घरात थोरल्या भावाची १ जून आणि धाकट्याची त्याच सालची खरी तारीख ऑक्टोबरातली, असे झाले आहे. चार महिन्यांच्या अंतराने दोन भाऊ! परदेशी कचेरीत असे कागद गेले, की संशय येतो. मग रक्ताचे नाते तपासायला सांगतात, आणि त्या तपासणीचा खर्च आपल्यावर पडतो.

जिल्ह्याचेही बघा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. त्याआधीच्या कागदांवर आपला जिल्हा ठाणे आहे, नंतरच्या कागदांवर पालघर. ही चूक नव्हे. पण फॉर्म भरताना जन्माच्या वेळचा जिल्हा आणि आजचा जिल्हा वेगळा का, हे एका ओळीत लिहून द्यावे.

आता पैशाकडे येतो. एजंटाने दोन लाख सांगितले. मी म्हटले, "बाई, त्याला कागदावर लिहून द्यायला सांगा. सरकारी फी किती, आणि तुझी मजुरी किती?" त्याने लिहून दिले नाही. तेव्हाच मला काय ते कळले. मग आम्ही मुलाला फोन लावला आणि हिशेब केला.

आधी इथला खर्च. साधा पासपोर्ट, ३६ पानांचा, १५०० रुपये. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पासपोर्ट खात्यातूनच मिळतो, त्याचे ५०० रुपये. बाकी दाखले, प्रतिज्ञापत्रे, मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर, झेरॉक्स आणि जाण्यायेण्याचे भाडे.

मग तिकडची फी. आईला बोलावण्याचा अर्ज मुलगाच तिथे करतो. त्यासाठी तो अमेरिकेचा नागरिक हवा आणि २१ वर्षांच्या वर हवा. नुसता राहण्याचा परवाना, ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात, तेवढ्यावर आईबापांना बोलावता येत नाही. १ एप्रिल २०२४ पासून या अर्जाची फी संगणकावरून भरल्यास ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर झाली. पुढे व्हिसाचे ३२५ डॉलर. आईचा भार मी उचलीन, असे मुलगा हमीपत्र देतो. ते तपासण्याचे १२० डॉलर. व्हिसा मिळाल्यावर कार्डाचे २३५ डॉलर. सगळे मिळून १३०५ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला, तर १ लाख १७ हजारांच्या आसपास. मुंबईत ठरवून दिलेल्या डॉक्टरकडे तपासणी होते, तिचे पैसे आणि विमानाचे भाडे वेगळे. फी बदलत असते. म्हणून भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर मुलाला पुन्हा बघायला सांगावे.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. व्हिसाची आणि हमीपत्राची फी अमेरिकेतल्या बँकेच्या खात्यातूनच भरावी लागते. म्हणजे ती मुलगाच भरणार. मग इथला एजंट रोख दोन लाख कशाचे मागत होता? फॉर्म भरून देण्याची मजुरी कोणी मागितली, तर त्यात गैर नाही. पण ती मजुरी म्हणून मागावी आणि पावती द्यावी. अस्सल कागद मात्र कोणाच्या हवाली करू नयेत. दाखवावे आणि परत पिशवीत घालावे.

आता नागरिकत्वाचे. आईला आधी ग्रीन कार्ड मिळते. ती तिथे राहू शकते, पण भारताचीच नागरिक असते. पाच वर्षांनी तिला तिकडच्या नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तो मंजूर होऊन तिने शपथ घेतली, की तिचे भारताचे नागरिकत्व संपते. आपला १९५५ सालचा कायदा तसा आहे. दोन देशांचे नागरिक एकाच वेळी होता येत नाही. मग भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ओसीआय नावाचे कार्ड काढता येते. त्या कार्डावर जन्मभर येता-जाता येते. पण मत देता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेतजमीन मात्र राहते.

आपल्या वसईकडे आणखी एक बोलणे ऐकू येते. "आपले वाडवडील पोर्तुगीजांच्या राज्यात होते, तेव्हा आपल्याला पोर्तुगालचे नागरिकत्व मिळेल." असे कोणी सांगून पैसे मागितले, तर देऊ नका. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली. इथले पोर्तुगीज राज्य तेव्हाच संपले. गोवा, दमण आणि दीव येथे ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत होते. त्या दिवसाआधी तिथे जन्मलेली माणसे आणि त्यांची मुले-नातवंडे यांचाच तो प्रश्न आहे. घरात दमणची किंवा गोव्याची आजी असेल, तर गोष्ट वेगळी. पण तिथेही नियम तोच. पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले, की भारताचे गेले.

हे सगळे ऐकून बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, मला लावणीला परत यायचंय. अन् भात झाल्यावर पुन्हा जाईन. असं चालतं का?"

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा होता. मीही तो विचारला नव्हता. ग्रीन कार्ड हे तिकडे राहणाऱ्याचे कार्ड आहे. वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिले, तर ते कार्ड चालत नाही. दरसाल अर्धे वर्ष इकडे काढले, तरी विमानतळावर साहेब विचारतो, तुम्ही नक्की राहता कोठे? नातवंडांना भेटून काही महिन्यांनी परत यायचे असेल, तर पाहुण्याचा व्हिसा असतो. त्याला कागद कमी लागतात आणि खर्चही पुष्कळ कमी येतो.

बाईंनी मुलाला तसे कळवले. आधी पाहुणी म्हणून जायचे ठरले. पासपोर्टचा अर्ज झाला आहे. मुलाच्या जन्माची नोंद मात्र आम्ही तरीही शोधायला टाकली आहे. कचेरीतल्या माणसाने पुढच्या सोमवारी बोलावले आहे. शाळेचा जुना दाखला घेऊन मीही त्यांच्याबरोबर जाणार आहे.