काच आज, गाडी उद्या

'टक्!' बस, एवढाच आवाज झाला. वाळूजहून घरी येत होतो. पुढे खडीचा ट्रक, त्यावर नावापुरती ताडपत्री. माझ्या काचेच्या अगदी कडेला शेंगदाण्याएवढा टवका उडाला. म्हटलं, बघू रविवारी. आता आपला रविवार कधी उजाडतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे! तीन आठवडे गेले. मग एप्रिलच्या भर दुपारी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये भट्टीसारख्या तापलेल्या गाडीत बसलो, एसी फुल्ल केला आणि डोळ्यांदेखत त्या टवक्यातून एक रेघ निघाली ती थेट आरशाखाली जाऊन थांबली.

तो गुरुवार होता. शनिवारी पहाटे पाचला आई-बाबांना घेऊन समृद्धीवरून नागपूरला निघायचं होतं. चुलतबहिणीचं लग्न, संध्याकाळी सीमांतपूजन. बाबांनी निघायची वेळ महिनाभर आधी कॅलेंडरवर लिहून ठेवलेली!

(टवका काठापासून दूर असेल, ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल आणि ताजा असेल, तर त्यात रेझिन भरून काच वाचवता येते. काठाजवळच्या टवक्याचा काही भरवसा नाही. हे ज्ञान मला नंतर झालं.)

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर क्रांती चौक गाठला. महाराजांच्या पुतळ्यापाशी गाडी वळवली आणि पहिलं दिसलेलं दुकान पकडलं. तिथल्या पोराने काचेकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "बत्तीसशे, साहेब. अर्ध्या तासात गाडी घेऊन जा. वर काळी फिल्म फ्री!" खरं सांगू? मी हो म्हणणारच होतो. पण ती फ्री फिल्म खटकली. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे असा नियम आहे, एवढं मलाही माहीत होतं. ज्याला तेवढंही माहीत नाही, त्याच्या हाती काच कशी द्यायची? 'आलोच' म्हणून सटकलो.

पुढच्या गल्लीत चाचा भेटले. पांढरी दाढी, दोन मदतनीस, खुर्चीवर चहाचा ग्लास. त्यांनी भावाच्या आधी मला काच दाखवली.

कोपऱ्यातली अक्षरं

तुमच्या गाडीच्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं असतात. आपण ती कधी वाचत नाही. चाचांनी ती बोट ठेवून वाचायला लावली. बनवणाऱ्याचं नाव, आयएसआयचा शिक्का, आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि काच लॅमिनेटेड असल्याची खूण. समोरची काच लॅमिनेटेडच लागते, हा मोटार वाहन नियमांतला कायदा आहे. म्हणजे दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाचा पारदर्शक पापुद्रा, काचेचं सँडविचच म्हणा ना! फुटली तरी तुकडे त्या पापुद्र्याला चिकटून राहतात. बाजूच्या काचा सहसा टफन्ड असतात, त्या फुटल्या की साखरेच्या खड्यांसारख्या विखुरतात. (१९०३ साली एदुआर बेनेदिक्त्यूस या फ्रेंच माणसाच्या हातून प्रयोगशाळेतली एक बाटली पडली. ती तडकली, पण विखुरली नाही, कारण आत एका रसायनाचा थर वाळलेला होता. त्यातून ही काच सुचली.)

आता भावाची गंमत ऐका. कारच्या कंपनीचा लोगो असलेली काच महाग. त्याच कारखान्याची, पण लोगो नसलेली काच पुष्कळदा स्वस्त! कार कंपन्या स्वतः काच थोडीच बनवतात? असाही इंडिया किंवा चाकणला कारखाना असलेली सेंट-गोबेन सेक्युरिट, अशांकडून घेतात. आपल्या दारांच्या काचांवर कोणाचं नाव आहे ते बघायचं आणि तेच मागायचं. मी तेच केलं.

मग चाचांनी पोरांना काच उभी धरायला लावली आणि मला तिच्यातून उड्डाणपुलाचा कठडा बघायला सांगितलं. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायची. सरळ रेघ कुठे पाण्यासारखी लहरली, तर ती काच परत. पहिली काच लहरली! चाचांनी काही न बोलता दुसरी काढली.

अठ्ठावन्नशे रुपये. क्लेम करावा का? इन्शुरन्समध्ये काचेवर घसारा कापत नाहीत, हे खरं. पण माझ्या गाडीला सक्तीचे हजार रुपये खिशातूनच जाणार, आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के नो क्लेम बोनस शून्यावर! एनसीबी प्रोटेक्शन घेतलं नव्हतं. क्लेम राहू दिला.

सोळा तास

"बिठा देता अब्बी," चाचा म्हणाले, "मगर गाड़ी कल ले जाना."

मी पहाटे पाचचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाजू में कौन बैठेंगा?"

"बाबा."

"फिर पाँच बजे नक्को."

काच गाडीला चिकटते ती पॉलियुरेथेनच्या गोंदाने, आणि तो हवेतली ओल शोषून घट्ट होतो. किती वेळात, हे ट्यूबवर लिहिलेलं असतं. पण आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये त्याला जास्त वेळ लागतो. आणि बाजूच्या सीटची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत आधी वर काचेवर आपटते, तिचा आधार घेऊन माणसाकडे वळते. काचच निसटली तर एअरबॅग कुणाच्या आधाराने उभी राहणार? समृद्धीवर १२० च्या स्पीडने जाताना हे आठवलेलं कुणाला आवडेल!

मी फुटपाथवर उभं राहून बाबांना फोन केला. "अकराला निघू." पलीकडे शांतता. मग, "सीमांतपूजन चुकलं तर काकाला तू सांगायचंस."

पुढचा दीड तास मी तिथेच बसून राहिलो. तारेने जुनी काच कापून काढली. जुना गोंद खरवडून पातळ थरच ठेवला. पत्र्याला ओरखडा गेला तिथे प्रायमर लावला, नाहीतर पुढे गंज धरतो. ट्यूबवरची एक्सपायरी मी स्वतः बघितली. (कुणी सिलिकॉन लावू म्हणालं, तर तिथून उठा.) वर टेप. खिडक्या बोटभर उघड्या, म्हणजे दार आपटलं तरी आतल्या हवेचा दाब ओल्या गोंदावर येत नाही. दोन दिवस प्रेशर वॉशिंग बंद. आरशामागे कॅमेरा असलेली नवी गाडी असेल, तर त्याचं कॅलिब्रेशन कोण करणार हे आधीच विचारा. माझ्या हॅचबॅकला ती चैन नाही.

फास्टॅग मात्र जुन्या काचेबरोबर फाटून गेला. तो नवाच घ्यावा लागतो. शनिवारी सकाळी तेच काम केलं.

अकरा वाजता निघालो. काचेवर टेपच्या दोन पट्ट्या तशाच. सावंगीच्या इंटरचेंजपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. मग समोर बघत म्हणाले, "काच बाकी स्वच्छ आहे रे."