गॅरेजातला सोऱ्या

संपादक म्हणाले, "ओहायोला मुलीकडे निघालाच आहात, तर तिथल्या गॅरेजांवर लिहा." माझ्या डोक्यात जुन्या मोटारी होत्या. शेजारच्या गॅरेजात निघाला तो काडतुसं भरायचा प्रेस.

शेजारी म्हणजे लेथवर जन्म घालवलेले सत्तरीपुढचे आजोबा. जाड फळ्यांचं टेबल, त्याला बोल्टांनी जखडलेला हिरवा ओतीव लोखंडी सांगाडा आणि बाजूला हातभर दांडा. पाहताक्षणी मनात आलं, हा तर सोऱ्या! शेवेची चकती काढून चकलीची घालावी तसा एक डाय काढायचा, दुसरा आट्यांवर फिरवून बसवायचा. दट्ट्या मात्र इथे खालून वर येतो, आणि दाबायचं असतं ते पितळ.

बार उडाला की गोळी, दारू आणि प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टोपी, खर्ची पडतात. पितळी केस उरते. पण आतल्या दाबाने ती फुगलेली असते. तिला पुन्हा मापात आणायचं, त्याच दाबात जुना प्रायमर खाली पाडायचा, नवा बसवायचा, दारू भरायची आणि वर गोळी दाबायची. दारू 'ग्रेन'मध्ये तोलतात. एका पौंडात 7000 ग्रेन; सोनाराची गुंज म्हणजे साधारण दोन ग्रेन. आजोबांचा तराजू पाहून आमच्या गल्लीतला सोनारच आठवला.

त्यांनी दांडा माझ्या हाती दिला. अर्धी वाट तो लोण्यासारखा आला, मग जड झाला. मी अंग टाकणार, तोच शेवटच्या बोटभर अंतरात सगळं हलकं. सांगाड्याखाली वाकून पाहिलं. दांड्याच्या पट्ट्या आणि दट्ट्या एका रेषेत येत होते, उकिडवा बसलेला माणूस उठताना गुडघा सरळ करतो तसे. गुडघा सरळ होत आला की हाताचा थोडा जोरही कैकपट होऊन वर पोचतो. ही एवढी युक्ती पाहायला मी दांडा वीसेक वेळा ओढला असेन. आजोबा काही बोलले नाहीत.

एकविसाव्या वेळी रायफलची केस तेलाचं बोट न लावताच आत घातली. ती डायमध्ये अशी रुतली, की दट्ट्या खाली आला तो केसची कड फाडूनच. आजोबांनी डाय काढला, केसच्या बुडाला भोक पाडलं, आटे कापले आणि स्क्रू फिरवत ती ओढून काढली. वीस मिनिटं गेली. पिस्तुलाच्या सरळ केसला कार्बाइडचा डाय असेल तर तेल लागत नाही, रायफलच्या निमुळत्या मानेच्या केसला लागतंच, हा धडा असा मिळाला.

हिरव्या सांगाड्यावर आरसीबीएस अशी अक्षरं होती. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी 1943 साली सुरू केलेला हा धंदा. युद्धामुळे गोळ्यांची टंचाई होती, तेव्हा 'रॉकचक' या डोंगरी प्राण्याच्या शिकारीसाठी ते वापरलेल्या .22च्या केसांपासून गोळ्यांचं कवच घडवत. पुढे 1958मध्ये रिचर्ड ली यांनी प्रेसच नको म्हणत हातोडीने ठोकायचा छोटा संच काढला. तोही खपला.

आता प्रेस कुठला घ्यावा? आजोबांच्या प्रेसवर एका वेळी एकच काम होतं. तासाला पन्नास-शंभर काडतुसं झाली तर खूप. टरेट प्रेसमध्ये सगळे डाय वरच्या फिरत्या चकतीवर बसवलेले असतात, त्यामुळे बदलायची कटकट जाते. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये तीन-चार केसा एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि दांड्याच्या प्रत्येक ओढीला तयार काडतूस पडतं. स्पर्धेसाठी हजारोंनी बार काढणाऱ्याला तोच परवडतो.

नवख्याने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत झालं. पिस्तुलाच्या केसमध्ये दारू पुष्कळदा अर्ध्याखालीच राहते. म्हणजे चुकून दुप्पट पडली तरी ती आत मावते, सांडून चूक दाखवत नाही. ज्या प्रोग्रेसिव्हमध्ये केसा धरणारी चकती हाताने फिरवावी लागते, तिथे मध्येच फोन वाजला आणि फिरवायचं राहिलं, की हेच होतं. उलट दारू पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी झाडली की नळी फुटू शकते. आजोबा पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात केसा उभ्या करतात आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत बॅटरीचा उजेड पाडून पाहतात. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं म्हणून मध्ये चहासुद्धा घेत नाहीत. गॅरेजात रेडिओ नाही. मी तीन प्रश्न विचारले, तिन्ही वेळा त्यांनी आधी दांड्यावरचा हात काढला.

अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. आपल्याकडे 1959च्या शस्त्र कायद्याने काडतुसं बनवायलाच परवाना लागतो. आणि नेमबाज स्वप्नील कुसाळेने 2024मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्य मिळवलं त्या प्रकारात .22चं रिमफायर काडतूस चालतं. त्याचा स्फोटक मसाला केसच्या कडेतच भरलेला असतो आणि पिन बसली की कड चेपते, त्यामुळे या प्रेसवर ते पुन्हा भरता येत नाही.

तिकडे राहून हा नाद लागलेल्या वाचकांनी पहिला प्रेस एका वेळी एकच काम करणारा घ्यावा, टेबल भिंतीला बोल्टांनी आवळावं आणि फोन घरात ठेवून गॅरेजात जावं.