आशाताईंच्या घरभेटीत हवेत आणखी चार प्रश्न

दसरा-दिवाळी उलटली की वडगाव निंबाळकरच्या आसपास उसाच्या पट्ट्यात पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. सोमेश्वर कारखान्याचा हंगाम जवळ आलेला असतो आणि बीड-अहिल्यानगरकडच्या टोळ्या उतरतात. कोयता धरणाऱ्यांत गरोदर बाया असतात, कोपीत तान्ही मुलं असतात. या आई-बाळाचा सरकारी आरोग्यसेवेशी पहिला संबंध बहुधा डॉक्टरांमार्फत येत नाही. तो आशाताईंमार्फत येतो. म्हणून ताईंना काय शिकवलं जातं, हे पाहायला हवं.

या शिकवणीचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोन गावांतल्या त्यांच्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. १९८९ मध्ये ही पाहणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. बालमृत्यूंसाठी त्यांनी गावातल्याच बायांना हाताशी धरलं. ज्या सुईणींना मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी श्वास मोजायचं साधन बनवलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. पुढे ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या ‘आरोग्यदूत’ बायांनी घरोघरी नवजात बाळं सांभाळली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ चा. २०११ पासून देशभरच्या आशांना अशाच घरभेटी नेमून दिल्या गेल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं.

वजन, ताप, श्वास, स्तनपान हे सगळं त्यात येतं. पण बाळ कोणत्या हवेत, कोणत्या पाण्यावर वाढतंय, हेही तितक्याच काटेकोरपणे विचारलं पाहिजे.

नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीतलं पाणी घ्या. युरियाचा मारा असलेल्या शेताजवळच्या विहिरीत नायट्रेट उतरू शकतं. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात वरचं दूध कालवलं, तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते आणि ओठ-नखं निळसर पडू शकतात. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटलं की उलट दाटतं. ‘पाणी उकळून द्या’ एवढाच सल्ला शिकलेली ताई इथे कमी पडेल. निव्वळ आईचं दूध हाच इथला उपाय.

हवेचंही तसंच. चुलीच्या धुरानं मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याचाही. गरोदरपणी उन्हाच्या तडाख्यात राबल्यानं अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. बायांच्या आजारांकडे वेळेत न पाहिल्यास काय होतं, हे २०१९ मध्ये समोर आलं. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सरकारी पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. एक खाडा पडला तरी दंड, अशा कामात दुखणं अंगावरच काढलं जातं.

मुलांचं आरोग्य आणि पर्यावरण हा विषय जगाला नवा नाही. अमेरिकेत १९९८ पासून बालपर्यावरण आरोग्याची खास केंद्रं डॉक्टरांना, परिचारिकांना सल्ला आणि शिक्षण देतात. जागतिक आरोग्य संघटनेनंही आरोग्यसेवकांसाठी पाठमाला तयार केली आहे.

आपल्याकडे त्यासाठी नवी इमारत नको. घरभेटीच्या तक्त्यात चार प्रश्न वाढवावेत: चूल कुठे पेटते? पाणी कुठून येतं? शेतात कोणतं औषध फवारलं, आणि त्याचा रिकामा डबा पाण्याला वापरता का? भर उन्हात किती वेळ काम होतं? या प्रश्नांच्या उत्तरांवर काय करायचं, हे तालुक्याच्या प्रशिक्षणात शिकवावं आणि या जादा कामाचा मोबदला ताईंना द्यावा. कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडण्याआधी हे झालं, तर त्याच हंगामात उपयोगी पडेल.