माळ्यावरचे डकोटा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय निघेल याचा नेम नसतो. गेल्या वर्षी आमच्या मारेगावच्या घरी जुन्या घंगाळामागून सुतळीने बांधलेला एक खोका निघाला. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग होते. 'एअरफिक्स' या इंग्रजी कंपनीचे ते डकोटा विमान! बाबांनी तरुणपणी मुंबईच्या पदपथावर ते घेतले आणि संसाराच्या रगाड्यात तसेच राहू दिले.

"हे टाकायचं ना?" हिने विचारले.

"डकोटा असेल तर राहू दे," बाबा खाटेवरून म्हणाले. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. पण खोका खुळखुळताच त्यांनी तो ओळखला.

डकोटाशी आमच्या घराचे जुने नाते आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी देशात रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेच्या सुमारास माघारी पोचत. १९७३ पर्यंत हा क्रम चालला. आजोबा तेव्हा नागपुरास टपाल खात्यात होते. लहानगे बाबा कधीमधी हट्टाने त्यांच्याबरोबर जात आणि डोळे चोळीत विमाने मोजीत.

आता या खेळण्याविषयी थोडेसे. एअरफिक्स कंपनी निकोलस कोव्ह यांनी १९३९ साली काढली. आधी रबरी खेळणी, मग फण्या आणि १९५३ साली स्पिटफायर विमानाचा संच, असा तिचा प्रवास! हे संच मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचे. म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा आणि ९५ फूट पंखांचे डकोटा जेमतेम १६ इंचांचे.

एका जाणत्या स्नेह्याने सल्ला दिला, "जोडू नका. जुन्या, न जोडलेल्या संचाला शौकीन चांगली किंमत देतात." मी बाबांकडे पाहिले आणि दाढीचे पाते हाती घेतले.

मराठीच्या प्राध्यापकाने व्याकरण सोडून पंख जोडावेत हे सोपे नव्हे. साच्याचे तेलकट अंश जावेत म्हणून सारे भाग साबणाच्या पाण्यात धुतले. कडांना सुटलेले पापुद्रे खरवडले. धडाचे दोन अर्धे चिकटवून ते कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी आवळून ठेवले. दोरीवरचे कपडे उडाले, त्याचा जाब मला द्यावा लागला. चिन्हांचे कागद पिवळे पडले होते, ते खिडकीच्या काचेला चिकटवून आठवडाभर उन्हात ठेवले, तेव्हा थोडे उजळले.

चंदेरी रंग फार चुगलखोर. खालचा एकही ओरखडा तो लपवीत नाही. म्हणून आधी सारे गुळगुळीत करावे लागते. त्या काळच्या संचांवर रिव्हेटांचे बारीक ठिपके उठावाचे असत. खऱ्या विमानाच्या मानाने ते फारच मोठे, म्हणून जाणकार ते घासून टाकतात. मीही पॉलिश पेपर भिजवून बसलो. एक पंख निम्मा घासून झाला, तोच बाबांनी हात पुढे केला. त्यांची बोटे पंखावरून सरकत गेली आणि गुळगुळीत जागी थांबली.

"इथलं काय झालं रे?"

"बाबा, ते ठिपके चुकीचे आहेत. घासतो आहे."

"असू दे चुकीचे. मला तेवढेच दिसतात."

मी पॉलिश पेपर ठेवून दिला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी डकोटा शेपटी टेकून पणत्यांशेजारी उभे राहिले. रंग दोन ठिकाणी ओघळलेला, एक पंख अर्धा गुळगुळीत. बाबांनी ते मांडीवर घेतले, ठिपके चाचपत शेपटीकडच्या डाव्या दारापर्यंत गेले आणि नातवाचे बोट तेथे टेकवले.

"थैल्या इथून उतरायच्या. तुझे पणजोबा इथं उभे असायचे."