आघाडीची फळी मैदानाजवळच घडते

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या पुरुष हॉकी संघाने सलग दुसऱ्यांदा कांस्यपदक मिळविले. देशाला त्याचा आनंद झाला आणि तो योग्यच होता. मात्र पदकाच्या झळाळीत त्या स्पर्धेतील गोलांचा हिशेब मागे पडला. आठ सामन्यांच्या विहित वेळेत भारताने १५ गोल केले. त्यांपैकी १० गोल एकट्या कर्णधार हरमनप्रीत सिंग यांचे, आणि ते सर्व पेनल्टी कॉर्नरवर वा पेनल्टी स्ट्रोकवर झालेले. हरमनप्रीत हे बचावपटू. उरलेल्या पाचांपैकी एक गोल मध्यफळीतील विवेक सागर प्रसाद यांचा. म्हणजे गोल करणे हेच ज्यांचे नेमलेले काम, त्या आघाडीच्या खेळाडूंच्या नावावर अवघे ४ गोल लागले. अभिषेक यांनी दोन, तर मनदीप सिंग व सुखजित सिंग यांनी प्रत्येकी एक गोल केला.

याच्या शेजारी १९८० सालच्या मॉस्को ऑलिंपिकचा अंतिम सामना ठेवून पाहावा. भारताने स्पेनला ४-३ असे हरवले, त्या सामन्यातील भारताचे चारही गोल आघाडीच्या खेळाडूंचे होते. सुरिंदरसिंग सोढी यांनी दोन, महाराजकिशन कौशिक व महंमद शाहिद यांनी एकेक गोल केला. सोढी यांनी त्या स्पर्धेत एकूण १५ गोल केले. बहिष्कारामुळे मॉस्कोत अनेक बलाढ्य संघ उतरले नव्हते, ही गोष्ट खरी. तरीही तो विजय कृत्रिम हिरवळीवरच मिळाला होता, हे विसरता कामा नये. कृत्रिम हिरवळ आली आणि भारताची आघाडी बोथट झाली, या नेहमीच्या स्पष्टीकरणाला त्यामुळे मर्यादा पडते.

अर्थात खेळ बदलला, हे कोणीही नाकारणार नाही. पूर्वी पाच खेळाडूंची आघाडी असे. आज बहुधा तिघेच पुढे असतात आणि मोकळ्या अदलाबदलीच्या नियमामुळे पाच-सहा जण आळीपाळीने ते काम करतात. १९९६ मध्ये ऑफसाइडचा नियम प्रयोगादाखल रद्द झाला आणि पुढे तो कायमचाच गेला. त्यामुळे आघाडीच्या खेळाडूला गोलजवळ ठाण मांडता येऊ लागले, तसेच बचाव करणारा संघही आपल्या वर्तुळात गर्दी करू लागला. अशा गर्दीत चेंडू बचावपटूच्या पायावर आदळवून पेनल्टी कॉर्नर मिळविणे हेही आघाडीचे कामच झाले आहे. हरमनप्रीत यांच्या कॉर्नरवरील गोलांमागे पुढच्या खेळाडूंचे श्रम आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या दिवशी कॉर्नर मिळत नाहीत, किंवा मिळूनही प्रतिस्पर्धी ते अडवतो, त्या दिवशी गोल कोण करणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही. मोसम संपल्यावर देशाच्या संघापासून जिल्ह्याच्या संघापर्यंत प्रत्येक प्रशिक्षकासमोर हाच प्रश्न उभा असतो.

बाहेरून आणलेले बळ

पहिला उपाय सोपा आणि जुना आहे. चांगला खेळाडू बाहेरून आणावा. याचे सर्वांत नाट्यमय उदाहरण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचे. सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवल्यावर ध्यानचंद यांच्या संघाने मायदेशी निरोप धाडून दारा यांना बोलावून घेतले. ते विमानाने जर्मनीत पोहोचले, उपांत्य सामन्यात खेळले आणि अंतिम सामन्यात त्याच जर्मनीचा भारताने ८-१ असा फडशा पाडला. मात्र दारा जाऊन मिळाले ते ध्यानचंद आणि रूपसिंग यांच्या शेजारी. फळी आधीच जुळलेली होती, तिच्यातील एक रिकामी जागा त्यांनी भरली. फळीच नसेल तिथे एकटा दारा आणून काय साधणार?

मुंबईच्या हॉकीने हा उपाय अनेक वर्षे यशस्वीपणे वापरला. महूचे किशनलाल हे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या नोकरीनिमित्त मुंबईकडून खेळू लागले आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार म्हणून उजव्या बगलेवर खेळले. खडकीचे धनराज पिल्ले मुंबईत आले ते महिंद्र अँड महिंद्रच्या संघासाठी. नोकरीची हमी हे त्या काळचे मोठे आकर्षण होते. ती छत्रछाया आता पूर्वीसारखी उरलेली नाही. तिची जागा लिलावावर चालणाऱ्या लीगने घेतली आहे. पण हॉकी इंडिया लीगमधील ‘दबंग मुंबई’ हा संघ २०१७ साली अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि त्यानंतर ती लीगच काही वर्षे बंद पडली. २०२४-२५ च्या मोसमात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. विकत घेण्याचा मार्ग महाराष्ट्रापुरता तूर्त बंद आहे, असाच याचा अर्थ.

दुसरा उपाय म्हणजे असलेल्या खेळाडूंची फेरमांडणी. मध्यफळीतील वेगवान खेळाडूला पुढे सरकवावे, बगलेच्या खेळाडूला मधोमध आणावे. हा उपाय बिनखर्चाचा असल्यामुळे प्रशिक्षकांना मोह पडतो. पण पुढची भेग बुजविताना मागे खिंडार पडते. चेंडू पुढे पोहोचविणाराच पुढे गेला, तर चेंडू पोहोचविणार कोण? मोसमाच्या ऐन मध्यात असे प्रयोग अंगलट येतात. ते करावयाचेच असतील तर विश्रांतीच्या महिन्यांत, हरण्याची भीती नसताना करावेत.

चार महिन्यांचे काम

तिसरा उपाय मेहनतीचा आहे आणि खरा विश्वास त्याच्यावरच ठेवावा लागेल. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे चार महिने मातीची मैदाने चिखलाने भरतात आणि खेळ थांबतो. हा काळ वाया गेला असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. वास्तविक आघाडीच्या खेळाडूची बहुतेक कौशल्ये मोठ्या मैदानावर तयार होत नाहीत. चेंडू अडवतानाच वळून पहिल्या स्पर्शात बचावपटूला चकविणे, स्टिकच्या उलट्या बाजूने फटका मारणे, जोराने आलेल्या चेंडूला दूरच्या खांबापाशी नुसती दिशा देणे, चेंडू पायाशी नसताना जागा मोकळी करून देणारी धाव घेणे, चेंडू गमावताच तिघांनी मिळून तो परत मिळविण्यासाठी तुटून पडणे, या सर्व गोष्टींना दहा-पंधरा मीटरांची कोरडी जागा पुरते. एखाद्या शाळेचे सभागृह किंवा छप्पर असलेले अंगणही चालते. छोट्या अंतरावर पुन:पुन्हा पूर्ण वेगाने धावण्याची ताकदही याच महिन्यांत कमावता येते.

हे काम सुरू कुठे होते, हे पाहण्यासारखे आहे. धनराज पिल्ले हे खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिका घेऊन खेळत वाढले आणि पुढे चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळले. मुंबईचे युवराज वाल्मीकी यांनी २०११ मध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारली, तर त्यांचे बंधू देविंदर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खेळले. हे दोघे मरीन लाइन्सच्या परिसरात वाढले, आणि चर्चगेटचे हॉकी मैदान तेथून हाकेच्या अंतरावर आहे. सातारा जिल्ह्यातून आलेल्या अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ या राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहिल्या, म्हणजे त्यांनाही मैदान राहत्या जागेपाशी मिळाले. या साऱ्यांच्या घरची परिस्थिती, गाव, काळ वेगवेगळा होता. मैदानाची जवळीक मात्र प्रत्येकाच्या वाट्याला आली होती.

वर्तकनगरला काय करता येईल?

या दृष्टीने ठाण्याच्या वर्तकनगरकडे पाहावे. येथून चर्चगेटच्या मैदानावर सरावाला जायचे तर मुलाने प्रथम बसने वा रिक्षाने ठाणे स्थानक गाठायचे, मध्य रेल्वेच्या गर्दीत उभे राहायचे, दादरला गाडी बदलायची आणि पुन्हा तसेच परतायचे. शाळा, शिकवणी सांभाळून दोन-अडीच तासांचा हा प्रवास रोज करणे चौदा वर्षांच्या मुलाला अशक्यच आहे. उपवन तलावाचा काठ व येऊरचा चढ जवळ असल्यामुळे धावण्याचा सराव घराजवळ होऊ शकतो, पण स्टिक आणि चेंडू घेऊन खेळायला जागा हवी.

पूर्ण आकाराचे हॉकी मैदान ९१.४० मीटर लांब व ५५ मीटर रुंद असते. दाट वस्तीत एवढा भूखंड मागणे व्यवहाराला धरून होणार नाही. पण पाच-पाच खेळाडूंच्या हॉकीचे मैदान सुमारे ४८ मीटर लांब आणि ३२ मीटर रुंद असते, म्हणजे मोठ्या मैदानाच्या एक तृतीयांशाहूनही लहान. या खेळात पेनल्टी कॉर्नर नसतो आणि कडेच्या फळ्यांवर आपटून चेंडू सारखा खेळात राहतो, त्यामुळे गोल करायचा तर तो चालत्या खेळातच करावा लागतो. भारतीय आघाडीचे जे उणे आहे, त्याचीच ही तालीम. जानेवारी २०२४ मध्ये मस्कत येथे झालेल्या या प्रकारच्या पहिल्या विश्वचषकात भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या. नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताला दोनच गोल करता आले, त्यांतील एक ऋतुजा पिसाळ यांचा होता.

या खेळाची सवय मोठ्या मैदानावर नडते, अंतर राखून खेळण्याचे भान त्यातून येत नाही, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो निराधार नाही. म्हणूनच हा खेळ अकरा जणांच्या हॉकीला पर्याय समजू नये, विश्रांतीच्या महिन्यांतील शाळा समजावी. ठाणे ही कबड्डीची भूमी, येथे हॉकी कशाला, असेही विचारले जाईल. पण छप्पर असलेले असे मैदान एकट्या हॉकीचे असण्याचे कारण नाही. कबड्डीचे मॅट अंथरायला ते तितकेच उपयोगी पडेल.

येथे वेळेचा मुद्दा निर्णायक ठरतो. वर्तकनगरातील म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी पुनर्विकासाच्या उंच इमारती उभ्या राहत आहेत. मोकळी जागा किती, कोठे आणि कशासाठी, याचा निर्णय नकाशे मंजूर होतानाच होतो. एकदा वाहनतळ आखला गेला की पुढच्या दोन पिढ्यांना तेथे मैदान मिळत नाही. महापालिका, म्हाडा आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांनी निदान एका ठिकाणी दीड हजार चौरस मीटरांची जागा खेळासाठी राखली, आणि परिसरातील शाळांनी पावसाळ्यात तेथे वर्ग चालविले, तर त्याचे फळ दहा वर्षांनी दिसेल. त्यासाठी नकाशावर सह्या होण्यापूर्वी ही मागणी लेखी स्वरूपात महापालिकेकडे गेली पाहिजे, आणि ती करण्याची जबाबदारी वर्तकनगरच्या रहिवाशांवर आहे.