बदली संबळवादक
लग्नसराईत तुळजापूरकडच्या गोंधळाच्या एखाद्या पार्टीत माणूस कमी पडला, की मला संबळावर बोलावणं येतं. पदं बहुधा अनोळखी. मी चाल पाठ करत बसत नाही. नायकाला आधीच विचारतो, ठेका कोणता, लय कुठे चढते, थांबा कुठे? बहुतेक पदं आठ किंवा सहा मात्रांत बसतात. पहिल्या कडव्याला साधा ठेका धरायचा आणि ध्रुपद कधी परत येतं ते ऐकायचं. तुणतुणं सूर सांभाळतं, झांज लय. माझी नजर नायकाच्या ओठांवर. कडवं संपताना तो श्वास घेतो, तिथेच उठाण घ्यायची. आख्यान मात्र खरंच अवघड. बोलता बोलता पद सुरू होतं. जांभूळ आख्यान लावलं, तर द्रौपदी-कर्णाची कथा मला आधीच ठाऊक हवी.