धारेचं गोड पाणी, लोणारचं खारं तळं आणि शेवाळाचं पेशीपटल

लोणारच्या विवराच्या कडेला धारेचं पाणी बारा महिने पडतं. ते गोड आहे, भाविक त्याखाली अंघोळ करतात. तेच पाणी उतारावरून वाहत तळ्याला मिळतं. तळ्याच्या पाण्याचा सामू मात्र दहाच्या आसपास. सोड्यामुळे ते हाताला बुळबुळीत लागतं. एके काळी या काठावर सोडा गोळा करण्याचा धंदाच चाले. धारेबरोबर गोड्या पाण्यातलं शेवाळही खाली वाहत जाणारच. त्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपला मानायला हवा. सलीम अली सरोवर आणि नाथसागर हाताशी, लोणार जालन्यामार्गे सुमारे दीडशे किलोमीटर. गोड आणि खाऱ्या पाण्याची अशी जवळीक फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते.

जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा पहिला संशय ड्युनालिएला या शेवाळावर होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि रंग मीठप्रिय आर्किया सूक्ष्मजीवांचा निघाला. बातमी तिथे संपली. शेवाळाचा प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा होता.

काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच खाऱ्या पाण्यात पडलेल्या पेशीचंही होतं. गोड्या पाण्यात तिची अडचण नेमकी उलटी असते, पाणी सतत आत घुसत राहतं. क्लॅमिडोमोनस सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पुढच्या टोकाशी दोन इवल्या रिक्तिका आळीपाळीने फुगतात आणि रिकाम्या होतात. आत आलेलं पाणी त्या बाहेर टाकतात. त्यांच्या पटलात ॲक्वापोरिन आहे, म्हणजे फक्त पाण्याला वाट देणारं प्रथिन. या कुळातल्या प्रथिनांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं.

पण पाण्यापेक्षा अवघड मामला सोडियमचा. पोटॅशियमच्या जागा तो बळकावतो आणि पेशीतली विकरं बंद पाडतो. इथे कारा या शेवाळाने विज्ञानाला फार मोठी मदत केली आहे. गोड्या तळ्यांच्या तळाशी वाढणारं, चुन्यामुळे हाताला खरखरीत लागणारं हे शेवाळ. त्याची एकेक पेशी काही सेंटिमीटर लांब, त्यामुळे तिच्यात इलेक्ट्रोड खुपसता येतो. मेरी बीलबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात हे काम वर्षानुवर्षं केलं. लिटरमागे तीन ते सहा ग्रॅम मीठ घातलं की गोड्या पाण्यातल्या काराचं पटल आपला विद्युत्‌दाब गमावू लागतं. प्रोटॉन बाहेर फेकणारा पंप कमी पडतो, पेशीत आपोआप विद्युत्‌ऊर्मी उठत राहतात, आणि शेवटी ती मरते. काराचंच भावंड लॅम्प्रोथॅम्नियम खाऱ्या खाजणांत सुखाने जगतं, कारण मीठ वाढलं की तो पंप आणखी जोरात चालवतं.

आता लोणारचं खरं कोडं. समुद्रात किंवा खाजणात ही युक्ती चालते: पंपाने प्रोटॉन बाहेर टाकायचा, मग तो परत आत येताना दुसऱ्या प्रथिनाने त्याच्या बदल्यात सोडियम बाहेर काढायचा. लोणारच्या पाण्याचा सामू चढा, म्हणजे तिथे प्रोटॉनांचा दुष्काळ आहे, पेशीच्या आत त्यांचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा जास्त. देवघेवीचं गणितच बिघडतं. म्हणून मला वाटतं, तिथे तग धरणाऱ्या शेवाळात सोडियम थेट बाहेर ढकलणारा पंप शोधावा. टेट्रासेल्मिस या सागरी शेवाळात तसा पंप सापडलेला आहे.

ड्युनालिएलाने आणखी एक गोष्ट शिकवली, आणि तीच मला सर्वात मोलाची वाटते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत उरी पिक आणि ॲडा झामीर यांनी १९९० च्या दशकात पाहिलं की, मीठ वाढलं की या शेवाळाच्या पटलावर दोन प्रथिनं वाढतात. एक कार्बोनिक ॲनहायड्रेज, कार्बन मिळवून देणारं. दुसरं आपल्या रक्तातल्या ट्रान्सफेरिनच्या जातीचं, लोह पकडणारं. मिठाशी झुंजण्यासाठी पेशी आत ग्लिसरॉल साठवते, हे आधीपासून माहीत होतं. पण खारेपणा उपासमारही घडवतो, हे यातून कळलं. लोणारला कार्बोनेट मुबलक आहे, म्हणून कार्बनाची चणचण तिथे कमी असावी. लोहाची मात्र खूप असणार, कारण इतक्या अल्कधर्मी पाण्यात ते विरघळतच नाही.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरी आणि कालव्याखाली चोपण झालेल्या जमिनी पाहिल्या की, हा अभ्यास केवळ तळ्यापुरता उरत नाही. पिकाच्या मुळालाही सोडियम बाहेर ठेवण्यासाठी प्रोटॉनचा पंप आणि प्रोटॉनच्या बदल्यात सोडियम काढणारं प्रथिन लागतं, आणि शेवाळात ही प्रथिनं तपासणं कितीतरी सोपं.

कोणत्या जाती सापडल्या याच्या याद्या पुरे झाल्या. धारेपासून तळ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने शेवाळ गोळा करावं, प्रयोगशाळेत मीठ आणि सामू वेगवेगळे वाढवून ते वाढवावं, आणि पटलातलं कोणतं प्रथिन कधी वाढतं ते पाहावं. नमुने उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर, असे दोन्ही वेळा हवेत. पावसाने तळ्याचा खारेपणा उतरतो. लोणार अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याकडे अर्ज आधीच द्यावा लागेल.